यंत्राआधी पोचायचा कागद

साखर कारखान्याचा नवा बॉयलर वेळेवर सुरू झाला नाही की कारणं लगेच सांगितली जातात. ड्रम उशिरा आला, वेल्डर मिळाले नाहीत, पाऊस लांबला. ही कारणं खोटी नसतात. पण उशिराचा माग काढत महिना-महिना मागे गेलं, तर बऱ्याचदा आपण एखाद्या ड्रॉइंगपाशी येऊन थांबतो. ते डिसेंबरात हवं होतं आणि मार्चमध्ये मिळालं. तेव्हा कुणाला त्याची फारशी झळ लागली नव्हती. यंत्र तर अजून कारखान्यात घडायचंच होतं, मग एका कागदाची काय घाई?

ही घाई ज्याला सर्वांच्या आधी कळावी लागते, तो प्रोजेक्ट डिलिव्हरी इंजिनियर. अवजड यंत्रं बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीत हे पद कोणत्या ना कोणत्या नावाने असतं. विक्री विभाग ऑर्डर आणतो आणि फाइल याच्या टेबलावर ठेवून पुढच्या ग्राहकाकडे जातो. त्या दिवसापासून यंत्र चालून दाखवेपर्यंत आणि शेवटचा हप्ता वसूल होईपर्यंत ग्राहकासमोर कंपनीचा चेहरा हाच. गंमत अशी की यातलं एकही काम तो स्वतःच्या हाताने करत नाही. डिझाइन डिझाइनवाले करतात, खरेदी खरेदीवाले, वेल्डिंग शॉपमध्ये होतं, उभारणी ठेकेदार करतो. यांपैकी कुणीही त्याच्या हाताखाली नसतो. तरी तारीख मात्र त्याची असते.

महाराष्ट्रात हे काम समजून घ्यायला साखर कारखान्याच्या बॉयलरइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण इथली तारीख माणसाने ठरवलेली नसते. ऊस पक्व होतो तेव्हा होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू होतो, आणि ऊस तोडल्यावर त्याचं गाळप शक्यतो एका दिवसाच्या आत व्हावं लागतं, नाहीतर वजन आणि साखर दोन्ही घटतात. हंगामाच्या सुरुवातीला कारखाना बंद राहिला तर सभासदांचा ऊस शेजारच्या कारखान्याच्या गव्हाणीत जातो, आणि उरलेला उन्हाळ्यापर्यंत शेतात वाळत राहतो. सिमेंटच्या किंवा कागदाच्या कारखान्यात दोन महिन्यांचा उशीर म्हणजे दोन महिन्यांचं नुकसान. इथे तेवढ्याच उशिराने सबंध हंगाम विस्कटतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केलं. तेव्हापासून राज्यात जे जे कारखाने उभे राहिले, त्यांच्या उभारणीचं वेळापत्रक याच एका टोकाकडून उलटं मोजत आणलं गेलं आहे.

समजा कारखाना दिवसाला ५,००० टन ऊस गाळणारा आहे. उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला चोथा, निघतो आणि त्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. तरीही तो उत्तम जळतो. एक किलो बगॅसमागे दोन किलोंहून थोडी जास्त वाफ मिळते. म्हणजे तासाला शंभर-सव्वाशे टन वाफ देणारा बॉयलर या कारखान्याला शोभतो. सहवीजनिर्मितीसाठी तो आज साधारण ८७ किलो दर चौरस सेंटिमीटर दाबाचा आणि ५१५ अंश तापमानाचा घेतात. ही वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज देते, आणि दाब उतरलेली वाफ रस उकळायला जाते. असा बॉयलर पुण्या-मुंबईच्या एखाद्या कंपनीकडून घ्यायचा, तर ऑर्डरपासून वाफेपर्यंत वर्ष-सव्वा वर्ष हवं. पुढच्या दसऱ्याला अग्निप्रदीपन करायचं असेल, तर ऑर्डर आदल्या पावसाळ्यातच द्यायला हवी.

आता एकच वस्तू घेऊ. बॉयलरच्या शेपटाला, चिमणीच्या अलीकडे, धूर ओढून घेणारा मोठा पंखा असतो. त्याला आयडी फॅन म्हणतात. बॉयलर कंपनी तो सहसा स्वतः बनवत नाही, पंखे बनवणाऱ्याकडून घेते. साइटवर तो ऑगस्टमध्ये आला तरी चालतं. त्यामुळे खरेदी विभाग म्हणतो, ऑर्डर मार्चमध्ये देऊ, तोवर भावात आणखी घासाघीस करता येईल. हिशेब बिनचूक वाटतो.

पण पंखा उभा राहतो काँक्रीटच्या फाउंडेशनवर. त्या फाउंडेशनचं माप, बोल्टची जागा, फिरताना येणारा हादरा हे सगळं पंखा बनवणाऱ्याच्या ड्रॉइंगमधूनच मिळतं. ते ड्रॉइंग तो ऑर्डर हातात पडल्याशिवाय करत नाही. त्याने दिलेलं ड्रॉइंग बॉयलर कंपनी तपासणार, मग ग्राहकाचा सल्लागार मंजूर करणार, मग स्थापत्य अभियंता त्यावरून सळयांचं ड्रॉइंग काढणार. यात सहज दीड-दोन महिने जातात. पुढे खोदाई, सळया, काँक्रीट. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांच्या मापाने धरतात. आणि हे सगळं जूनच्या आत उरकायला हवं, कारण काळ्या मातीत पावसाळ्यात खड्डा खणला तर दोन दिवसांत त्याची विहीर होते. हे सगळे दिवस मागे मोजत आणले, की पंख्याची ऑर्डर नोव्हेंबर-डिसेंबरातच द्यायला हवी होती असं दिसतं. पंखा ऑगस्टमध्ये चालेल, पण पंख्याचा कागद जानेवारीतच हवा.

माझ्या मते या व्यवसायाचं मर्म इथे आहे. डिलिव्हरी म्हटलं की डोळ्यांपुढे ट्रेलर येतो, पण या इंजिनियरला पहिले सहा महिने माहिती पोचवायची असते. कुणाला, कोणती, कधी, आणि कितपत पक्की. ज्याला हे उमगलं तो फेब्रुवारीत अस्वस्थ असतो आणि सप्टेंबरात शांत. बाकीचे फेब्रुवारीत निवांत असतात. त्याच महिन्यात साइटवरून फोन येतो, "साहेब, आयडी फॅनचं फाउंडेशन सोडून बाकी सगळं भरून घेतलंय. तुमचा कागद कधी येतोय?" या फोनला नुसतं "पुढच्या आठवड्यात" असं उत्तर देणारा इंजिनियर आणि त्याच दिवशी बस पकडून पंखेवाल्याच्या ड्रॉइंग ऑफिसात जाऊन बसणारा इंजिनियर, यांच्या बॉयलरमध्ये महिन्याचं अंतर पडतं.

कोणतं काम अडलं तर सगळं अडतं आणि कोणतं थोडं रेंगाळलं तरी चालतं, हे हिशेबाने काढण्याची पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाली. ड्यूपाँ या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी युनिव्हॅक संगणक वापरून ती बसवली. तिला क्रिटिकल पाथ मेथड, सीपीएम म्हणतात. प्रत्येक कामाला लागणारे दिवस आणि त्याच्या आधी कोणतं काम संपायला हवं एवढं मांडलं, की सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणारी सर्वांत लांब साखळी सापडते. त्या साखळीतला एक दिवस गेला की प्रकल्पाचा एक दिवस गेला. बाकी कामांना जी सवड उरते ती फ्लोट. जवळजवळ त्याच काळात अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट ही सख्खी बहीण शोभेल अशी पद्धत काढली. आज हे सगळं लॅपटॉपवर क्षणात होतं. पण सॉफ्टवेअरला जे सांगितलं तेवढंच त्याला कळतं. 'पंखा' अशी एकच ओळ लिहिली तर तो भरपूर सवडीचा दिसतो. 'पंख्याचं ड्रॉइंग' अशी वेगळी ओळ लिहिली, की तो लगेच धोक्याच्या साखळीत येऊन बसतो. वेळापत्रक चांगलं की वाईट, हे त्यात कागदांच्या ओळी किती आहेत यावरून मला ओळखता येतं.

बॉयलरच्या बाबतीत त्या साखळीच्या मध्यभागी बहुतेक वेळा स्टीम ड्रम असतो. जाड पोलादी प्लेट वाकवून, वेल्ड करून केलेलं हे लांब नळकांडं बॉयलरच्या माथ्यावर बसतं, आणि पाण्याच्या सगळ्या नळ्या शेवटी त्याला येऊन मिळतात. भारतात बॉयलरवर कायद्याची नजर फार जुनी आहे. १९२३ चा बॉयलर कायदा, त्याखाली १९५० ची नियमावली, आणि आता जुन्याच्या जागी आलेला २०२५ चा कायदा. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय पाहतं. प्लेट कुठल्या भट्टीतली, तिचा नंबर काय, वेल्डरकडे परवाना आहे का, एक्स-रे कसे आले, हे सगळं निरीक्षकाने पाहिल्याशिवाय आणि शिक्का मारल्याशिवाय ड्रम शॉपबाहेर पडत नाही. शेवटी पाणी भरून दीडपट दाबाची चाचणी होते.

यातला एक टप्पा परतीचा नाही. वेल्डिंगमुळे जाड पोलादात जो ताण अडकून राहतो तो काढायला अख्खा ड्रम भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून सावकाश निववतात. या स्ट्रेस रिलीव्हिंगनंतर ड्रमच्या अंगाला सहजी वेल्डिंग करता येत नाही. आता कल्पना करा, ड्रम भट्टीतून निघाला आणि ग्राहकाच्या सल्लागाराने पत्र पाठवलं की पाण्याची पातळी मोजायला आणखी एक नोझल हवं. मागणी छोटी, वाजवी, आणि महिनाभर आधी आली असती तर अर्ध्या दिवसाचं काम. आता मात्र भोक पाडा, वेल्ड करा, पुन्हा उष्णतोपचार, पुन्हा एक्स-रे, पुन्हा निरीक्षक. म्हणून जाणता डिलिव्हरी इंजिनियर भट्टीची तारीख महिनाभर आधी ग्राहकाला लेखी कळवतो: या तारखेनंतर ड्रममध्ये बदल होणार नाही, जे सुचवायचं ते आत्ताच सुचवा. कराराने त्याला हे बंधनकारक केलेलं नसतं. तरी एवढ्या एका पत्राने जितके वाद टळलेले मी पाहिले आहेत, तितके वकिलांच्या भाषेतल्या वीस कलमांनीही टळत नाहीत.

ड्रम तयार झाला तरी आधी काय पाठवायचं हा प्रश्न राहतोच, आणि इथे पैशाची वाट कामाच्या वाटेला छेद देते. करारात साधारणपणे ठरावीक रक्कम आगाऊ, मोठा हिस्सा माल पाठवल्यावर वजनाच्या प्रमाणात, आणि शेवटचा दहा टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा चाचणीनंतर, अशी विभागणी असते. महिनाअखेरीस बिलं फाडायची असतात. मग शॉपमधून काय निघतं? जे जड आणि बनवायला सोपं ते. डक्ट, जिने, प्लॅटफॉर्म, चॅनेल, अँगल. टनावारी माल साइटवर पोचतो, बिल होतं, दोन्हीकडच्या मासिक अहवालात प्रगती दिसते. साइटवर मात्र उभारणी ठेकेदाराचे खलाशी आणि फिटर बसून असतात, कारण त्यांना आधी हवे असतात खांब, मग ड्रम, मग नळ्या. ड्रम वर चढवेपर्यंत स्ट्रक्चरचा एक भाग मोकळाच ठेवावा लागतो. जिने आणि प्लॅटफॉर्म गवतात गंजत पडतात आणि लागतील तेव्हा त्यांतले अर्धे सापडत नाहीत. ग्राहकाने ही पद्धत स्वतःच बदलायला हवी असं मला ठामपणे वाटतं. माल पाठवण्याची परवानगी देणारं पत्र ग्राहकाच्याच हातात असतं. उभारणीच्या क्रमाबाहेरच्या मालाला ते देऊच नये, म्हणजे आपल्याच पैशाने चुकीच्या कामाला उत्तेजन मिळत नाही.

ड्रमचा प्रवास हा वेगळाच विषय. नेहमीच्या मालमोटारीला २.६ मीटर रुंदीची मर्यादा आहे. त्याहून मोठं काही न्यायचं तर परवानगी, आणि परवानगीआधी रस्त्याची पाहणी. हायवेवर फारसं अडत नाही, अडतं ते शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये. गावाच्या वेशीवर कुणाच्या तरी स्मरणार्थ बांधलेली कमान, ओढ्यावरचा जुना पूल, वळणावर रस्त्यात आलेलं वडाचं झाड, खाली लोंबणारी वीजवाहिनी. वाहिनीसाठी महावितरणकडून तासाभराचा शटडाउन घ्यायचा, पुलासाठी बांधकाम विभागाचं पत्र, आणि कमानीसाठी सरपंचांना भेटायचं. हे शेवटचं काम सर्वांत लवकर होतं, कारण गावातल्या बहुतेक घरांचा ऊस त्याच कारखान्यात जाणार असतो.

एवढं करूनही उशीर झाला तर करारातलं एलडीचं, म्हणजे लिक्विडेटेड डॅमेजेसचं, कलम जागं होतं. दर आठवड्याच्या उशिराला किमतीच्या अर्धा टक्का वगैरे कपात, आणि वर एक कमाल मर्यादा. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ मध्ये याचा आधार आहे. 'ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स' हा २००३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावा. पुरवठादाराला पाइप बनवायला पोलादी प्लेट युरोपातून हव्या होत्या. तिथल्या पोलाद कारखान्यांत १९९६ मध्ये संप झाला आणि पाइप उशिरा पोचले. ओएनजीसीने मुदत वाढवली, पण कपात केली. आधीच्या लवादाने पुरवठादाराची बाजू घेतली होती. नुकसान किती झालं ते सिद्ध झालेलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने तो निवाडा फिरवला. दोन्ही पक्षांनी करारात आधीच वाजवी अंदाजाने रक्कम ठरवली असेल, तर प्रत्यक्ष नुकसान मोजून दाखवण्याची गरज दर वेळी नसते. डिलिव्हरी इंजिनियरसाठी यातला बोध अगदी व्यवहारी आहे: हजारो मैलांवरचा संपही आपल्याच वेळापत्रकाचा भाग असतो. मुदतवाढीचं पत्र हातात आलं म्हणजे कपात टळली असं नाही. त्या पत्रात कपातीबद्दल काय लिहिलंय ते त्याच दिवशी वाचायला हवं.

आता साइटवर येऊ. सप्टेंबर उजाडलाय, नळ्या जोडून झाल्या, पाण्याची चाचणी झाली, भट्टीच्या विटा मंद आचेवर वाळल्या, रसायनं घालून आतलं तेल-ग्रीस उकळून काढलं. बॉयलर पेटवायला बगॅस हवा आणि बगॅस गाळप सुरू झाल्यावर निघणार. म्हणून मागच्या हंगामातला साठा राखून ठेवलेला असतो, नव्या कारखान्याला तो विकत आणावा लागतो. अग्निप्रदीपनाची पूजा होते, आग पेटते, फोटो निघतात. पण ती वाफ अजून टर्बाइनला चालत नाही.

नव्या पाइपांच्या पोटात वेल्डिंगचे कण, गंजाच्या पापड्या, ग्राइंडिंगचा चुरा असतो. ५१५ अंशांच्या वाफेबरोबर यातला तांदळाएवढा कण जरी टर्बाइनच्या पात्यावर आदळला तरी पातं जखमी होतं. म्हणून आधी स्टीम ब्लोइंग करतात. टर्बाइनच्या तोंडाशी पाइप सोडवून त्याला तात्पुरता पाइप जोडतात आणि त्याचं तोंड मोकळ्या हवेत काढतात. बॉयलरमध्ये दाब चढवायचा, झडप झटकन उघडायची, वाफ सुसाट बाहेर. पाइप तापतो, मग निवतो, त्या प्रसरण-आकुंचनाने आतल्या पापड्या सुटतात आणि पुढच्या झोताबरोबर निघून जातात. दिवसातून अनेकदा, कित्येक दिवस. आवाज पंचक्रोशीत जातो, म्हणून आसपासच्या वस्त्यांना आधी सांगून ठेवावं लागतं. पाइप स्वच्छ झाला की नाही हे ठरवतो धातूचा एक गुळगुळीत तुकडा. तो झोताच्या वाटेत धरतात आणि मग त्यावर उमटलेले खड्डे भिंगाखाली मोजतात. ठरलेल्या मापापेक्षा कमी खड्डे सलग आले की टर्बाइन कंपनीचा माणूस सही करतो. तो ती सहजी करत नाही, आणि करूही नये.

यात वाद पेटतो तो त्या तात्पुरत्या पाइपावरून. तो आणायचा कुणी? बॉयलर कंपनी म्हणते आमची हद्द मुख्य स्टीम व्हॉल्व्हपर्यंत. टर्बाइन कंपनी म्हणते आमची हद्द टर्बाइनच्या फ्लँजपासून. मधल्या पाइपलाइनचा ठेकेदार म्हणतो, ड्रॉइंगमध्ये जेवढं आहे तेवढं माझं, आणि तात्पुरता पाइप ड्रॉइंगमध्ये नाहीच. तिघांचंही खरं असतं. तिघांच्या किमतीत तो पाइप धरलेलाच नाही. यंत्रापेक्षा यंत्रांच्या मधल्या जागा धोक्याच्या का, ते इथे कळतं. फ्लँजला फ्लँज जुळेल का, केबल कुठल्या पॅनेलपासून कुणाची, थंड करायचं पाणी कोण देणार, हे सगळे प्रश्न याच जातीचे. ऑर्डर झाल्यावरच्या पहिल्या बैठकीत सगळे चहा घेत प्रसन्न बसलेले असतात. तेव्हाच चाणाक्ष इंजिनियर तात्पुरत्या पाइपाचा विषय काढतो आणि बैठकीच्या इतिवृत्तात नाव घालून ओळ लिहून घेतो. वर्षभर आधी तो प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटतो, म्हणून पटकन सुटतो.

त्यानंतर टर्बाइन फिरतं, वीज येते, उसाची मोळी गव्हाणीत पडते. राहिलेल्या त्रुटींची पंच लिस्ट महिना-दोन महिने चालते. मग कामगिरीची चाचणी होते. कबूल केलेली वाफ, दाब, तापमान, धुरातली धूळ, बगॅसचा वापर हे सर्व काही तास मोजून कागदावर येतं. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या की अडकलेला हप्ता सुटतो. डिलिव्हरी इंजिनियरला तोवर पुढच्या दोन ऑर्डरींच्या फाइली मिळालेल्या असतात.

म्हणूनच एक काम जवळजवळ नेहमी अर्धवट राहतं. साइटवर उभारताना शंभर छोटे बदल होतात. पाइप एका खांबाला चुकवून वळवला, व्हॉल्व्ह हात पोचेल असा खाली आणला, केबल दुसऱ्या ट्रेतून नेली. प्रत्यक्षात जसं बसलं तसं दाखवणारी अ‍ॅज-बिल्ट ड्रॉइंग देणं करारात लिहिलेलं असतं. पण तेव्हा बॉयलर चालू असतो, ऊस येत असतो, आणि कुणालाच ती मागायची निकड नसते. आठ-दहा वर्षांनी कारखान्याचा नवा चीफ इंजिनियर नळी बदलायला निघतो तेव्हा त्याच्या हातात मूळ ड्रॉइंग असतं, ज्यातला पाइप तिथे नाहीच. कारखान्यांच्या संचालकांना माझं आग्रहाने सांगणं आहे: शेवटच्या हप्त्यातला एक वेगळा हिस्सा फक्त या ड्रॉइंगसाठी राखून ठेवा. चाचणीच्या सहीशी तो जोडू नका. आणि ती ड्रॉइंग ताब्यात घेण्याआधी आपल्याच एका फिटरला बरोबर घेऊन, ड्रॉइंग हातात धरून, बॉयलरभोवती एक फेरी मारा.